दुसऱ्या पानावरचा शिक्का

माझं काम काय होतं हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "याचा पगार मिळतो?" मिळायचा. खरं तर पगार राज्यशास्त्र शिकवण्याचा होता. पण जयपूरच्या ज्या खाजगी शाळेत मी सगळी नोकरी काढली, तिथे माझी ओळख 'भाषणवाली मॅडम' अशीच होती. स्टेजवर विद्यार्थ्याच्या तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य आधी माझ्या टेबलावरून जायचं. मी ते वाचायचे, नको ते कापायचे आणि उरलेल्यावर 'अनुमोदित' असा जांभळा शिक्का मारून सही करायचे. सहीखाली पूर्ण नाव: सुलभा जाधव, एम.ए., बी.एड. पदव्या लिहायची काहीच गरज नव्हती. तरी लिहायचे.

कारण सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बार्शीत वडिलांची लॉन्ड्री होती. गावातल्या वकील-डॉक्टरांच्या शर्टांना त्यांनी जन्मभर इस्त्री केली, आणि माझं बी.ए.चं प्रमाणपत्र पोस्टाने आलं तेव्हा त्याच्या कडा वळल्यात म्हणून त्यालाही केली. वर सुती फडकं घालून, अगदी हलक्या हाताने. एक कोपरा अजून पिवळट आहे. त्यामुळे माझ्या नावामागची अक्षरं मला कुणी फुकट दिलेली नाहीत, आणि ती लिहायला मला लाज वाटत नाही.

नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे जयपूरला आले. पुढे त्यांच्या आणखी चार बदल्या झाल्या, मी मात्र नोकरी धरून इथेच राहिले. तेव्हा माझ्या मराठीत मधे मधे हिंदी आलं तर संपादकांनी ते कापू नये ही विनंती. कापणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे. कापून घेणाऱ्याची आता आता कळू लागली आहे.

बाहेरच्या माणसाला आधी समारंभ समजावून सांगायला हवा. आमच्या वेळी बारावी झाली की शाळा हातात दाखला ठेवायची आणि म्हणायची, जा बाई. आता त्याला 'ग्रॅज्युएशन सेरेमनी' म्हणतात. मुलांनी काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालायच्या. हे झगे भाड्याने यायचे चांदपोलकडच्या एका दुकानातून, जिथे बँडवाल्यांचे कोट आणि नवरदेवांच्या शेरवान्याही भाड्याने मिळतात. एका वर्षी दोन टोप्यांना तुरे निघाले. आम्ही त्या टॉपर मुलांना दिल्या. पुढच्या वर्षी तुऱ्यासाठी पालकांचे अर्ज आले.

समारंभ निकालानंतरच व्हायला हवा, हा आमच्या प्राचार्यांचा, शेखावत सरांचा हट्ट. का, तर पहिल्या आलेल्यांचे झग्यातले फोटो शाळेच्या जाहिरातीत टाकता येतात. निकाल लागतो मे महिन्यात. जयपूरचा मे आणि काळं पॉलिस्टर! एकेक मूल स्टेजवर यायचं ते कुकरमधून काढल्यासारखं. सर त्याच्या हातात लाल रिबन बांधलेली एक गुंडाळी द्यायचे. ती कोरी असायची. खरी गुणपत्रिका बोर्डाकडून येते आणि शाळेचा दाखला ऑफिसातून, आमच्या हेडक्लार्ककडून, म्हणजे बडे बाबूंकडून मिळतो. गुंडाळी फक्त फोटोसाठी. तरी आईवडील ती हातात घेऊन रडायचे. मीही एकदोनदा रडले आहे, आणि आत काय आहे हे मला माहीत होतं.

आता माझी बाजू. माझ्याकडे निषिद्ध शब्दांची एक यादी होती. ती मी केली नव्हती, ती आपोआप वाढत गेली, घरात प्लॅस्टिकचे डबे वाढतात तशी. आधी त्यात तीनच शब्द होते: फी, कॅन्टीन आणि प्रेम. मग एका मुलाने "आमच्या वर्गातल्या पंख्याने आम्हाला संयम शिकवला" असं म्हणून हशा मिळवला, तेव्हापासून 'पंखा' यादीत आला. पुढच्या वर्षी एका मुलीने "प्राचार्यांच्या भाषणांनी आमची सहनशक्ती वाढवली" असं लिहिलं. तिने ते मनापासून लिहिलं होतं हीच पंचाईत. 'सहनशक्ती' यादीत.

गंमत म्हणजे सकाळी तिसऱ्या तासाला मी बारावीला मूलभूत हक्क शिकवायचे. प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, वगैरे. आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच नागरिकांच्या भाषणांवर लाल पेन चालवायचे. एकदा एका पोराने विचारलंच, "मॅडम, तिसऱ्या तासातलं खरं की सुट्टीतलं?"

मी म्हटलं, "तिसऱ्या तासातलं परीक्षेत येतं. ते लिही."

एवढं करूनही कुणी स्टेजवर भलतंच बोलायला लागलं तर शेवटचा उपाय माझा चष्मा. मी पहिल्या रांगेत कडेला बसायचे. सभागृहाच्या मागे साउंडवाला सलीम भैया. मी चष्मा काढला की त्याने माइकचा आवाज उतरवायचा, असं ठरलेलं. व्यवस्था उत्तम होती. फक्त एकदा मुख्य पाहुणे म्हणून आलेले निवृत्त कर्नलसाहेब "तरुणांनी निर्भयपणे बोललं पाहिजे" या वाक्यावर आले असताना मला घाम पुसायचा होता. माइक बंद. कर्नलसाहेबांना वाटलं वीज गेली. प्राचार्य मागे वळून सलीमकडे बघताहेत, सलीम माझ्याकडे बघतोय, आणि मला चष्म्याशिवाय दोघेही दिसत नाहीत. साहेब पाच मिनिटं ओठ हलवत राहिले. टाळ्या मात्र जोरात पडल्या. त्यानंतर सलीम भैया हात जोडून म्हणाला, "मॅडमजी, चश्मे में डोरी लगवा लो." मी दोरी लावली, म्हणजे चष्मा चुकून निघायला नको.

ही सगळी हसण्याची प्रकरणं. एक तसं नाही. एका मुलाला भाषणात शाळेच्या चौकीदाराचे आभार मानायचे होते. डबा आणला नसेल त्या दिवशी चौकीदार त्याला आपल्यातली अर्धी बाजरीची भाकरी द्यायचा. आभारांचा क्रम ठरलेला होता: संचालक, प्राचार्य, शिक्षक, पालक. चौकीदार त्यात बसत नव्हता. मी ओळ कापली. पोराने कागद घडी करून खिशात ठेवला. समारंभात त्याने ठरल्याप्रमाणे संचालकांचे आभार मानले, ज्यांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं. चौकीदार दारात उभा होता. त्याला काही कळलं नाही, मला कळलं. जाऊ द्या.

आता पायल कुमावतची गोष्ट.

पायल जयपूरच्याच झोटवाडा भागातली. वडील बाबूलालजी यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. खाली दिवसभर चार-पाच कूलर एकदम चालू करून तपासायचे, त्यामुळे त्या घरात कुणी हळू बोललं तर ते बोललं असं धरत नसत. पायल वर्गात "प्रेझेंट मॅडम" म्हणाली की शेजारच्या वर्गातली पायल उभी राहायची. त्या वर्षी ती कला शाखेत पहिली आली आणि नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण तिच्याकडे गेलं. दोन पानांचं भाषण तिने वेळेवर आणून दिलं. शिक्का मारून एक प्रत मी ऑफिसच्या फाइलला लावली, एक तिला परत दिली.

समारंभाला मुख्य पाहुण्या म्हणून कुठल्याशा सरकारी खात्यातल्या मोठ्या अधिकारी बाई आल्या होत्या. पायलने आधी सगळ्यांचे आभार मानले. क्रम बरोबर, उच्चार स्पष्ट. सर माझ्याकडे बघून मान डोलावत होते. मग तिने पान उलटलं आणि म्हणाली:

"या शाळेने मला खूप शिकवलं. एकच गोष्ट मला शेवटपर्यंत जमली नाही, किल्ली मागणं. मुलींच्या बाथरूमला दुसऱ्या तासानंतर कुलूप असतं. किल्ली ऑफिसात, बडे बाबूंच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर. ती मागायला फी भरणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि आपला नंबर आला की बडे बाबू मोठ्याने विचारतात, 'हां, क्या काम है?' सहावीपासून आम्ही मुली या प्रश्नाचं उत्तर शोधतोय."

माझा हात चष्म्याकडे गेला. दोरी केसांच्या पिनेत अडकली. मी ओढतेय आणि ती पुढे बोलतेय.

"आज मात्र कुलूप नाही. आज साबण आहे. टॉवेल आहे, गुलाबी रंगाचा. म्हणून मुख्य पाहुण्यांना माझी हात जोडून विनंती आहे, वर्षातून एकदा नका येऊ. महिन्यातून एकदा या. आणि आलात की चार-पाच दिवस राहा."

मग मागच्या रांगांमधून आयांचा असा हशा उठला की टोप्या हलल्या. तेवढ्यात चष्मा निघाला, सलीमने माइक उतरवला, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की माइकचा घुमारा गेला आणि पायल आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली. मुख्य पाहुण्या रुमालात तोंड लपवून हसत होत्या. चहाच्या वेळी त्यांनी मला हळूच विचारलं, "वो पिंकवाला टॉवेल किधर है?" मी त्यांना घेऊन गेले. टॉवेल खरोखर फार चांगला होता.

शेखावत सर माणूस वाईट नव्हते. शाळेच्या भिंतींचा रंगही स्वतः उभं राहून निवडणारे. पण पाहुण्यांसमोर शाळेचं हसू झालं हे त्यांना सोसवेना. पाहुण्या गाडीत बसताच त्यांनी मला बोलावलं.

"जाधव मॅडम, हे भाषणात होतं?"

"नाही सर. हे तिने आयत्या वेळी घातलं."

मी इतक्या ठामपणे म्हणाले की मलाही पटलं. इतक्या वर्षांत असं वाक्य माझ्या हातून सुटणं शक्यच नव्हतं. तसा अहवाल मी लिहून दिला, 'अनुमोदित मजकुराव्यतिरिक्त वक्तव्य', सहीखाली पदव्यांसकट.

सरांनी शिक्षा ठरवली: लेखी माफीनामा मिळेपर्यंत चारित्र्य प्रमाणपत्र द्यायचं नाही. बाहेरच्यांना वाटेल, न दिलं तर न दिलं. पण त्या एका कागदाशिवाय कॉलेज प्रवेशाचा अर्ज घेत नाही. पायलला मुलींच्या सरकारी कॉलेजात बी.ए.ला जायचं होतं. शेवटची तारीख शनिवार. कुमावतांच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिली. आणि आजीने आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा प्रवेश हुकला तर टोंकच्या मुलाकडचे लोक बघायला येतील.

माफीनामा तपासण्याचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

सोमवारी पहिला आला. 'मी म्हणाले की बाथरूमला दुसऱ्या तासानंतर कुलूप असते. चौकशी केल्यावर कळले की कुलूप पहिल्या तासानंतरच लागते. चुकीच्या माहितीबद्दल मी क्षमा मागते.'

सर म्हणाले, "ही माफी नाही, ही दुरुस्ती आहे."

मंगळवारी दुसरा. 'माझ्या बोलण्याने पाहुण्यांना हसू आले याबद्दल मला खेद आहे. ते हसण्यासारखे नव्हते.'

सर म्हणाले, "हिला सांगा, नेमकं काय चुकीचं बोलली ते लिही."

बुधवारी तिसरा. 'मी टॉवेल गुलाबी आहे असे म्हणाले. समारंभानंतर मी तो पाहायला गेले, पण तो तिथे नव्हता. त्यामुळे त्याच्या रंगाबद्दल मी आता खात्रीने काही सांगू शकत नाही.'

मी लाल पेन घेऊन बसले आणि पेन चालेना. प्रत्येक ओळ बरोबर होती. व्याकरणही बरोबर. मी तिला दटावलं, "पायल, तुला चारित्र्याचा दाखला हवा की नको?"

"हवा, मॅडम."

"मग सरळ लिही ना, मी खोटं बोलले."

"पण मग तो कागद माझ्या चारित्र्याच्या फाइलला लागेल," ती म्हणाली, "आणि तोच खोटा असेल."

माझ्या आवाजाच्या दुप्पट आवाजात म्हणाली, पण उद्धटपणा नव्हता, तिचा आवाजच तेवढा.

गुरुवारी बाबूलालजी आले. कूलरवाल्याने मे महिन्यात दुकान सोडून येणं म्हणजे हलवायाने दिवाळीत दुकान बंद ठेवण्यासारखं. शर्टाला कूलरच्या गवताच्या काड्या चिकटलेल्या. टेबलासमोर उभेच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडमजी, माफी मी लिहून देतो. एक काय, दहा प्रती देतो. तुम्ही मजकूर सांगा. मला वाचता फार येत नाही, पण सही चांगली येते."

"पापा!" दारातून पायल ओरडली. ऑफिसातले तिघे दचकले. "बोलले मी, सही तुम्ही कशाला?"

"चुप कर. शादी के कार्ड पे भी मैं ही साइन करूँगा क्या?"

"लग्नपत्रिकेवर सही नसते, पापा."

"बघा मॅडमजी," बाबूलालजी माझ्याकडे वळून म्हणाले, "घरीही अशीच आहे. माफी मागितली तर बरोबर काय ते समजावून सांगते." तक्रार करत होते, पण मिशीआड जे चाललं होतं त्याला तक्रार म्हणत नाहीत. माझ्या प्रमाणपत्रावर इस्त्री फिरवताना माझे वडीलही असेच कुरकुरत होते.

सर म्हणाले, वडिलांची माफी चालणार नाही. बोललेल्याचीच हवी.

शुक्रवार. सकाळी सरांनी एक तोड काढली. "मॅडम, फाइलमधली मूळ प्रत काढा. तिच्याशी ताडून बघा, आणि तिने वरून घातलेली वाक्यं लाल रेघेने दाखवा. तेवढ्याच वाक्यांबद्दल माफी घेऊ. विषय संपवू." बापलेक बाहेर बाकावर बसलेले. मी फाइल काढली. पहिलं पान: आभार. पान उलटलं.

'या शाळेने मला खूप शिकवलं. एकच गोष्ट मला शेवटपर्यंत जमली नाही.'

सगळं होतं. खिळा होता. बडे बाबू होते. साबण होता. गुलाबी टॉवेलच्या जागी नुसता टॉवेल होता, तेवढा रंग तिने आयत्या वेळी भरला होता. आणि त्या सगळ्यावर, अगदी मधोमध, जांभळा शिक्का: अनुमोदित. सुलभा जाधव, एम.ए., बी.एड.

कसं झालं ते मला लगेच कळलं, आणि ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. मे महिन्यात जयपूरला शिक्क्याचं पॅड उघडं ठेवलं की चहा होईपर्यंत कोरडं पडतं. शाई घाला, पुन्हा कोरडं. म्हणून मी एक युक्ती काढली होती. पॅड उघडलं की आधी सगळ्या भाषणांच्या सगळ्या पानांवर भराभर शिक्के मारून सह्या करायच्या, पॅड मिटायचं, आणि मग पंख्याखाली बसून निवांत वाचायचं. काही खटकलं तर लाल रेघ. या युक्तीचा मला अभिमान होता. नव्या शिक्षिकांना मी ती शिकवलीही होती. पायलचं पहिलं पान वाचून झालं आणि झगेवाल्याचा फोन आला: काळे झगे कमी पडताहेत, आठ मरून रंगाचे चालतील का? त्या मरून झग्यांवर अर्धा तास गेला. परत आले तेव्हा शिक्का दिसत होता. शिक्का आहे म्हणजे वाचलंय. माझ्या शिक्क्यावर माझाच एवढा विश्वास.

मी पायलला आत बोलावलं. दार लावलं.

"तुझ्याकडची प्रत कुठंय?"

तिने बॅगेतून काढून दिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकही घडी न पडलेली.

"तुझ्याजवळ हे होतं, तर पाच दिवस माफीनामे कसले लिहीत बसलीस? सरांना दाखवायचं नाही?"

तिने प्रथमच आवाज खाली आणला. मला वाटलंही नव्हतं की तिला तो आणता येतो.

"तुमचं नाव आलं असतं ना, मॅडम. तुम्ही एवढं करून ते पान जाऊ दिलंत. मला तर वाटलं होतं कापणारच. परत मिळालं आणि शिक्का बघितला, तर मी घरी जाऊन पापांना दाखवला. ते म्हणाले, मॅडमने नोकरी पणाला लावून दिलंय, आता काहीही झालं तरी त्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही."

म्हणजे बाबूलालजींना ठाऊक होतं. काल माझ्यासमोर उभं राहून दहा प्रती सही करून देतो म्हणत होते, तेव्हाही.

"आणि चष्मासुद्धा तुम्ही किती उशिरा काढलात," ती म्हणाली. "मी बघत होते. शेवटपर्यंत बोलू दिलंत."

मी दोन्ही प्रती उचलल्या आणि सरांच्या खोलीत गेले. तिथवरचा व्हरांडा वीस पावलांचा आहे. तो चालायला मला बराच वेळ लागला. निवृत्तीला दोन वर्षं होती, उपप्राचार्यपदासाठी माझं नाव पुढे होतं, आणि मी लिहून दिलेला अहवाल सरांच्या टेबलावरच होता.

सरांनी दुसरं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, तुम्ही हे वाचलं होतं?"

हो म्हटलं तर शाळेविरुद्ध कट; नाही म्हटलं तर कामात हयगय. मी म्हटलं, "सर, सही माझी आहे. सहीचा अर्थ वाचलं असाच होतो."

"म्हणजे हे भाषण शाळेने मंजूर केलं होतं."

"हो सर."

"म्हणजे हे सगळं..." ते पानाकडे बघत म्हणाले, "हे शाळेनेच म्हटलं?"

"शिक्क्यासकट, सर."

सरांनी पान टेबलावर ठेवलं. मग मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं, कारण त्यांनी नियम स्वतःवरही लावला. मंजूर भाषण वाचणं हा गुन्हा होत नाही, तेव्हा मुलीला दाखला आजच्या आज. अहवाल खोटा, तेव्हा मला कारणे दाखवा नोटीस. आणि शाळेने अधिकृतपणे म्हटलंय की कुलूप आहे आणि ते असू नये, तर मग कुलूप कशासाठी? त्यांनी बेल वाजवली आणि बडे बाबूंना सांगितलं की किल्ली खिळ्यावरून काढा. बडे बाबू म्हणाले, "सर, किल्ली कुठे ठेवू?" सर म्हणाले, "कुलपासकट माझ्या ड्रॉवरमध्ये." साबणही यायला लागला. तो पळवू नये म्हणून बडे बाबूंनी भोक पाडून नळाला सुतळीने बांधला, पण यायला लागला.

उपप्राचार्यपद दुसऱ्या बाईंना मिळालं. शिक्का माझ्याकडून गेला आणि भाषणं तपासायला तिघांची समिती नेमली. तिघांपैकी प्रत्येकाला वाटायचं की उरलेल्या दोघांनी वाचलंय. त्यामुळे पुढची दोन वर्षं फार छान भाषणं झाली.

त्या शुक्रवारी दुपारी दोनला पायलच्या हातात चारित्र्य प्रमाणपत्र पडलं. वर्तणूक: उत्तम. बाबूलालजी स्कूटर सुरू करून तापलेल्या फाटकाबाहेर उभे होते, कॉलेजची खिडकी चारला बंद होते म्हणून घाई करत होते. मी फाटकापर्यंत गेले. खरं तर तिथेच दोन शब्द आशीर्वादाचे बोलून परत फिरता आलं असतं. ती मला आयुष्यभर धाडसी समजली असती. कोणाचं काय गेलं असतं?

"पायल," मी म्हटलं, "एक सांगायचंय. मी ते पान मुद्दाम सोडलं नव्हतं. मी ते वाचलंच नव्हतं. शिक्का आधी मारला होता."

स्कूटर फटफटत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाखल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बाबूलालजींनी हॉर्न दिला.

"मग आता वाचलंत?"

"आज वाचलं."

"कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "शेवट जरा लांबलाय. 'महिन्यातून एकदा या' तिथेच थांबायला हवं होतं."

"मॅडम," ती स्कूटरवर बसता बसता म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा मूळ जागेवर गेल्यामुळे सगळ्या रस्त्याने ते ऐकलं, "मग ते तुम्ही कापायचं ना!"